कॉम्प्युटरमधील हिशेबाची दुसरी वही

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, कोणत्याही गावच्या बाजारपेठेत जा, कापडाच्या दुकानात गल्ल्याजवळ कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप हमखास दिसतो. शिवणकाम आणि भरतकाम करणाऱ्या कारागिरांची मापे व डिझाइन त्यातच आहेत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा उर्दू आणि मराठी मजकूर त्यातच आहे. ठोक व्यापाऱ्याचे कोणाकडे किती येणे आहे, तेही त्यातच आहे. हे चांगलेच झाले. बिल लवकर होते, जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर जाते, माल किती शिल्लक आहे ते बसल्या जागी कळते. पण एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे. आज रात्री ही मशीन बंद पडली आणि उद्या सकाळी सुरूच झाली नाही, तर कोणाकडून किती उधारी वसूल करायची आहे हे आपण सांगू शकाल काय?

बहुतेक दुकानदार या प्रश्नावर गप्प बसतात. काही जण म्हणतात, "कॉम्प्युटरवाला पोरगा पाहून घेईल." पण हार्ड डिस्क जळाली असेल तर तो पोरगा तरी काय पाहणार? इलाज एकच आहे. हिशेबाची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, आधीच काढून ठेवलेली असली पाहिजे. त्यासाठी लागणारी चांगली सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. खर्च आहे तो एका-दोन हार्ड डिस्कचा आणि थोड्या शिस्तीचा.

जुन्या वहीची शिस्त

आपल्या वडिलांच्या काळी हिशेब कागदावर होता, तरी तो एका जागी नसे. दिवसाची विक्री आधी कच्च्या वहीत लिहिली जाई. रात्री ती रोजकीर्दीत उतरे. तेथून प्रत्येक ग्राहकाच्या नावे खतावणीत जाई. बिलबुकात कार्बन लावून एक प्रत ग्राहकाला दिली जाई आणि दुसरी दुकानात राही. म्हणजे एकच व्यवहार तीन-चार ठिकाणी नोंदलेला असे. एखादी वही वाळवीने खाल्ली तरी बाकीच्या वह्यांवरून हिशेब पुन्हा उभा करता येई.

कॉम्प्युटर आल्यावर या सगळ्या वह्या एका डबीत गेल्या. आपण एकदा बिल केले की रोजकीर्द, खतावणी आणि स्टॉकची नोंद आपोआप होते. पण या तिन्ही नोंदी एकाच डिस्कवर असतात. डिस्क गेली की तिन्ही वह्या एकदम गेल्या. मेहनत वाचली, पण जुन्या पद्धतीत फुकटात मिळणारे संरक्षण मात्र हातचे गेले. ते परत मिळवण्याचे नाव बॅकअप.

टॅलीचा जन्मही गिरण्यांना माल पुरवणाऱ्या धंद्यातूनच झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. श्यामसुंदर गोयंका हे कापड गिरण्यांना व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवीत. हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलगा भरत याला ते तयार करायला सांगितले. ही गोष्ट १९८६ ची. आज गावोगावच्या दुकानांत तेच चालते. टॅली विकत घ्यावे लागते, पण त्यात बॅकअप काढण्याची सोय आतच दिलेली आहे आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. टॅली प्राइममध्ये आल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबली की डेटाची यादी उघडते व तीत बॅकअप हा पर्याय असतो. सोय घरात आहे, वापरणारे थोडे आहेत.

मशीन दगा का देते

आपल्या जिल्ह्याचे हवामान कॉम्प्युटरला मानवणारे नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. टिनाच्या छपराखालच्या दुकानात आतली गरमी त्याहून अधिक असते. गरमीने हार्ड डिस्कचे आयुष्य घटते. जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरात आणि कापडाच्या दुकानात कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात. ते पंख्याच्या जाळीत बसतात आणि मशीन आणखी तापते. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर विजा कडकडतात, विजेचा दाब वर-खाली होतो आणि लाइट ऐन बिल करताना जाते. जुलै २०२२ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी आणि पूर आला. पाणी जमिनीवर ठेवलेल्या सीपीयूमध्ये आधी शिरते, कपाटात ते मागाहून चढते.

त्याशिवाय चोरी आहे. सुरत, भिवंडी, मालेगावला खरेदीस जाणारा व्यापारी आता लॅपटॉप सोबत नेतो आणि रेल्वेतून तो जायला एक डुलकी पुरते. आग आहे. कापड आणि कापूस यांच्या बाजारात आगीचे भय काय असते ते वेगळे सांगायला नको. माणसाची चूक आहे. नवीन मुलाने जुनी कंपनी समजून चालू वर्षाचीच फाइल पुसून टाकली, असे कोणत्याही दुकानात होऊ शकते. आणि या सर्वांवर कडी करणारा प्रकार म्हणजे खंडणीखोर व्हायरस. तो फाइली नुसत्या चोरत बसत नाही. आहे त्या जागीच त्यांना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. पैसे देऊनही किल्ली मिळेलच याची खात्री नसते.

कायदा काय सांगतो

बॅकअप काढावा की नाही, ही आता केवळ मर्जीची बाब राहिलेली नाही. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांतील नियम ५७ इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयी आहे. नोंदी कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा योग्य बॅकअप ठेवला पाहिजे, आणि अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत परत उभ्या करता आल्या पाहिजेत, असे हा नियम सांगतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. "साहेब, कॉम्प्युटर जळाला" हे उत्तर पुरणार नाही.

किती वर्षे जपायचे, हे जीएसटी कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची जी शेवटची तारीख, तेथून पुढे ७२ महिने. उदाहरण घेऊ. २०२४-२५ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२५ ही होती. म्हणजे त्या वर्षाच्या वह्या ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत जपाव्या लागतील. अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत याहूनही वाढू शकते. दुकानातला साधा कॉम्प्युटर इतकी वर्षे टिकेलच असे कोण सांगेल? मशीन बदलेल, हिशेब मात्र राहिला पाहिजे.

कायद्याच्या पलीकडची एक बाबही आहे. देणे-घेणे लिहून ठेवावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. आपले येणे बुडाले तर नुकसान आपले. पण आपले देणे किती हेच आपल्याला आठवेनासे झाले, तर दुसऱ्याचा हक्क बुडतो. म्हणून वही जपणे ही अमानत जपण्यासारखीच गोष्ट आहे.

मोठ्यांवर आलेली वेळ

असे संकट लहान दुकानांवरच येते असे नाही. वर्धा, हिंगणघाट आणि देवळीच्या औद्योगिक वसाहती ज्या महामंडळाच्या आहेत, त्या एमआयडीसीच्या कॉम्प्युटरांवर २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे, अशाच खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. मुंबईचे मुख्यालय आणि प्रादेशिक कार्यालयांतील कामकाज विस्कळीत झाले. सर्व्हरवरच्या फाइलींना कुलूप लागले. मात्र बॅकअपच्या फाइली नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या आणि त्यांना लागण झाली नाही, असे महामंडळाने त्या वेळी सांगितले होते. "वेगळ्या भागात" हे शब्द लक्षात ठेवा. सगळे मर्म तेथे आहे.

त्याआधीची एक मोठी घटना न्हावा शेवा बंदरातली आहे. याच बंदराने आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे येथे ड्राय पोर्टचे काम हाती घेतले. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि मेर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या गटाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा शेवातील टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंपनीला पुढे सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

या घटनेतील खरा धडा पुढेच आहे. कंपनीच्या सर्व कॉम्प्युटरांची ओळख आणि परवानग्या सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर विखुरलेले होते. ते एकमेकांची प्रत ठेवीत, म्हणून कंपनी निश्चिंत होती. पण सगळे एकाच जाळ्यात जोडलेले असल्यामुळे सगळेच एकदम बाद झाले. फक्त एक वाचला, आफ्रिकेतील घाना देशातला. का वाचला? कारण त्या दिवशी तेथे लाइट गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून सुटलेला होता! त्याची हार्ड डिस्क माणसांनी हातोहात विमानाने इंग्लंडला पोहोचवली आणि तिच्यावरून कंपनीचे जाळे पुन्हा उभे राहिले. ज्या लोडशेडिंगला आपण रोज बोल लावतो, तिने एका जगड्व्याळ कंपनीला तारले. आपण योगायोगाची वाट पाहायची गरज नाही. बॅकअपची डिस्क काम होताच वायरीतून काढून ठेवली की तेच संरक्षण आपल्याला दर आठवड्याला मिळते.

बॅकअप कशाला म्हणू नये

येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत.

अनेक जण सी ड्राइव्हवरील फोल्डर डी ड्राइव्हवर टाकतात आणि बॅकअप झाला असे मानतात. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन घरे असतात. घर कोसळले तर दोन्ही खोल्या जातात. हा बॅकअप नव्हे.

काही जण गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फोल्डर जोडून ठेवतात. गुगलची १५ जीबी आणि वनड्राइव्हची ५ जीबी जागा फुकट मिळते. तिचा उपयोग जरूर करावा. पण हे मुळात दोन्हीकडे एकसारखे ठेवणारे साधन आहे. दुकानातली फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. फाइलला व्हायरसचे कुलूप लागले की कुलूप लागलेली फाइलच वर जाते. जुनी प्रत काही दिवस परत मागता येते, पण मुदत टळली तर ती सोय संपते. म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

पेन ड्राइव्ह ने-आण करायला उत्तम, वर्षानुवर्षे जपून ठेवायला नव्हे. तो खिशातून हरवतो आणि कधी खराब होईल ते आधी कळत नाही.

आणि कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क? ती मशीन बिघडली तर कामी येईल. पण वीज पडली, व्हायरस आला किंवा चोर आला, तर कॉम्प्युटरबरोबर तीही जाईल.

जगभर एक सोपा नियम प्रसिद्ध आहे. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. त्याला तीन-दोन-एक म्हणतात. मूळ धरून एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर. त्यात आपण आपली एक भर घालू. एक प्रत वायरीपासून सुटलेली.

मोफत साधने कोणती

मोफत सॉफ्टवेअर दोन प्रकारची असतात. एक नुसती फुकट दिलेली. कंपनीच्या मनात असेल तोवर ती फुकट. मॅक्रियम रिफ्लेक्ट या प्रसिद्ध बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुष्कळ लोक वापरीत. कंपनीने ती बंद केली आणि २०२४ पासून तिला सुधारणा मिळणे थांबले. दुसरी म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. त्यांचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला असतो. तो कोणीही वापरावा, तपासावा, सुधारावा, वाटावा. घरी वापरा की दुकानात, परवान्याची अडचण नाही. फुकट दिलेल्यांपैकी बऱ्याच सॉफ्टवेअरवर "केवळ घरगुती वापरासाठी" अशी अट असते. ती दुकानात चालवणे नियमाबाहेर आहे. म्हणून व्यापाऱ्याने शक्यतो मुक्त सॉफ्टवेअरच घ्यावे.

फाइल हिस्टरी. ही सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्येच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाहेरची डिस्क जोडली की बदललेल्या फाइलींच्या प्रती ती ठरावीक वेळाने घेते आणि जुन्या प्रतीही ठेवते. कालची बिघडलेली फाइल सोडून परवाची चांगली फाइल परत घेता येते. मात्र ती ठरावीक फोल्डरच पाहते. टॅलीचा फोल्डर त्यात आपोआप येईलच असे नाही, हे मुद्दाम तपासून घ्यावे.

डुप्लिकाटी. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोणते फोल्डर, कोणत्या डिस्कवर, कोणत्या दिवशी, हे एकदा सांगितले की काम आपोआप चालते. पहिल्या वेळी सगळे उचलते, नंतर फक्त बदल झालेला भाग. त्यामुळे जागा कमी लागते. हवे तर गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणीही पाठवते. आपण दिलेल्या संकेतशब्दाने ते सगळे कुलूपबंद करते. हा संकेतशब्द हरवला तर बॅकअप कोणालाही उघडता येणार नाही. तो कागदावर लिहून घरी कपाटात ठेवावा, दुकानातल्या भिंतीवर चिकटवू नये.

क्लोनझिला आणि रेस्क्यूझिला. आतापर्यंतची साधने फाइली जपतात. ही दोन साधने विंडोज, टॅली, प्रिंटरची जुळणी यांच्यासकट अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढतात. क्लोनझिला तैवानच्या एका सरकारी संगणक केंद्रात तयार झाले. पेन ड्राइव्हवर ते टाकायचे, मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायची आणि डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. नवी डिस्क बसवल्यावर हीच प्रतिमा तिच्यावर उतरवली की मशीन आधीसारखी चालू होते. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. क्लोनझिलाचा पडदा जरा रुक्ष आहे. रेस्क्यूझिलात तेच काम माऊसने, चित्रे पाहून करता येते, म्हणून नवख्याने त्यापासून सुरुवात करावी. कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी, हे दोनदा वाचूनच पुढे जावे. उलट झाले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल.

लॅपटॉपवाल्यांना एक सूचना. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आधीच लागलेले असते. दुरुस्तीनंतर तो ४८ आकड्यांची किल्ली मागतो. ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आजच काढून लिहून ठेवा.

व्हेराक्रिप्ट आणि सेव्हन-झिप. दुकानाबाहेर जाणाऱ्या प्रतीत ग्राहकांची नावे, फोन नंबर आणि येणी असतात. ती कोणाच्याही हाती पडू नये. व्हेराक्रिप्टने डिस्कवर कुलूपबंद तिजोरी करता येते. थोड्याच फाइली असतील तर सेव्हन-झिपने संकेतशब्द लावून एक गठ्ठा केला तरी भागते. दोन्ही मुक्त आहेत.

लिनक्स वापरणाऱ्यांना उबुंटूमध्ये बॅकअपचा साधा मुक्त प्रोग्राम मिळतो. विंडोज १० चे सर्वसाधारण सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. तेव्हा जुन्या मशीन असणाऱ्यांना बॅकअपची गरज आता जास्तच आहे.

ही सगळी सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावीत. विकत मिळणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरची चोरीची प्रत कोणी फुकट देऊ लागला तर घेऊ नये. चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस येतो, आणि प्रामाणिक मार्गाने मोफत मिळत असता चोरीचे घेण्याचे कारणही उरत नाही.

काय काय जपायचे

टॅलीचा किंवा अन्य हिशेबाचा डेटा हा पहिला. त्यानंतर जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले, बँकेचे उतारे, खरेदीची स्कॅन केलेली बिले. छपाईवाल्यांनी इनपेज आणि कोरल ड्रॉच्या मूळ फाइली जपाव्यात. छापलेल्या पत्रिकेवरून मजकूर पुन्हा टाइप करणे म्हणजे दिवस वाया घालवणे आहे. वापरलेले नस्तलिक फॉन्टही सोबत ठेवावेत, नाही तर फाइल उघडूनही अक्षरे लागणार नाहीत. भरतकामाच्या मशीनवाल्यांनी डिझाइनच्या मूळ आणि मशीनच्या अशा दोन्ही फाइली ठेवाव्यात. साड्यांचे फोटो जागा जास्त खातात, म्हणून ते वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्यावेत. नुसता हिशेब तर साध्या दुकानाचा अनेक वर्षांचा असला तरी फारशी जागा घेत नाही.

आठवड्याचा क्रम

रोज. रात्री दुकान वाढवताना टॅलीतून बॅकअप काढून पेन ड्राइव्हवर घ्या. दोन-पाच मिनिटांचे काम आहे. ड्राइव्ह गल्ल्यासोबत घरी न्या.

दर आठवड्याला. एक दिवस आणि एक वेळ ठरवा. जे जुम्म्याच्या नमाजीसाठी दुकान बंद ठेवतात त्यांनी तीच वेळ धरावी. जाण्यापूर्वी डिस्क जोडून बॅकअप लावावा, परत आल्यावर डिस्क काढून ठेवावी. डिस्क दोन असाव्यात. एक दुकानातल्या लोखंडी कपाटात, दुसरी घरी. दर आठवड्याला अदलाबदल. हिंगणघाटच्या दुकानदाराचा भाऊ वर्ध्याला असेल तर महिन्याची एक प्रत त्याच्याकडे आणि त्याची आपल्याकडे ठेवता येईल. दोघांचेही काम होईल आणि भाडे कोणालाच पडणार नाही.

दर तीन महिन्यांनी. रेस्क्यूझिलाने अख्ख्या मशीनची प्रतिमा.

दर ३१ मार्चनंतर. वर्षाचा हिशेब ताळमेळ लागून बंद झाला की त्याची एक प्रत वेगळी काढून तिच्यावर वर्ष लिहा. तिच्यावर पुन्हा काही चढवू नका. वर सांगितलेले ७२ महिने हीच प्रत आपली साक्ष आहे.

हे काम कोणाचे, तेही ठरले पाहिजे. सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच नाही. दुकानात एक साधी वही ठेवा. तारीख, कोणती डिस्क, कोणी केले, एवढेच लिहा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आणि लग्नसराईत विक्री सर्वांत जास्त असते. नेमके तेव्हाच बॅकअप राहून जातो आणि नेमका तेव्हाचाच हिशेब सर्वांत मोलाचा असतो.

प्रत उघडून पाहा

शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब. बॅकअप निघाला असे पडद्यावर दिसणे वेगळे आणि त्यातून हिशेब परत मिळणे वेगळे.

१९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या कार्टूनपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप आहे म्हणून लोक निर्धास्त होते. काढायला गेले तेव्हा कळले की तो बॅकअप बऱ्याच दिवसांपासून नीट होतच नव्हता. तपासून कोणी पाहिलेच नव्हते. गॅलिन सुसमन या अधिकारी बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिने तो चित्रपट वाचवला.

म्हणून तीन महिन्यांतून एकदा परीक्षा घ्या. बॅकअपमधून टॅलीचा डेटा परत आणा, पण चालू फोल्डरमध्ये नव्हे. तेथे आणला तर चालू हिशेबावर जुना हिशेब बसेल. वेगळा रिकामा फोल्डर करा, शक्य तर घरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. मग पाच खातेदारांची बाकी आणि कोणत्याही एका दिवसाची विक्री दुकानातल्या हिशेबाशी ताडून पाहा. जुळली तर बॅकअप खरा.

कधी फाइल पुसली गेलीच आणि बॅकअप नसला, तर त्या मशीनवर पुढे काहीही काम करू नये. फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही मुक्त सॉफ्टवेअर पुसलेल्या फाइली शोधून देऊ शकतात. पण नव्या एसएसडी डिस्कवर पुसलेले बहुधा परत येत नाही. हा शेवटचा उपाय आहे, त्याच्या भरवशावर धंदा करता येत नाही.

दुकानाला दोन कुलपे लावून आणि शटर दोनदा ओढून पाहूनच आपण घरी जातो. आत लाख-दोन लाखांचा माल असतो म्हणून. मालाचा विमा उतरवता येतो, माल पुन्हा भरता येतो. कोणाकडे किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे मात्र कोणतीही विमा कंपनी भरून देणार नाही. हा अंक हाती आहे त्याच आठवड्यात एक डिस्क आणा, वर सांगितल्यापैकी एक सॉफ्टवेअर बसवा, पहिली प्रत काढा आणि डिस्क वायरीतून सोडवून घरी न्या. पुढच्या आठवड्यात ती उघडून पाहा.